हिरवी वायर

फ्रिजनं एक आचका दिला आणि तो गुरगुरायला लागला. म्हणजे लाइट आली. दीड तास घर इतकं गप्प होतं की मागच्या खोलीत झोपलेल्या ओवीचा श्वास मला पुढच्या खोलीत ऐकू येत होता. मी दाराआडून पाहिलं. तिनं कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि झोप पुढं सुरू ठेवली. पाच वर्षांची झाली तरी अंगठा काही सुटलेला नाही. मला अजून पाऊण तास होता.

सात रस्त्यापासून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत आमचं घर. पुढची खोली म्हणजे दुकान. जुन्या बेस गिटार, जुने अँप म्हणजे अँप्लिफायर, स्पीकरची खोकी. पुण्याहून, हैदराबादहून कुणी विकायला काढलं की मी आणते, दुरुस्त करते आणि इथल्या वाजवणाऱ्या पार्ट्यांना, कॉलेजच्या पोरापोरींना देते. मूळ धंदा माझ्या वडिलांचा, अप्पांचा. बाहेर बसूअण्णा म्हटलं की जिल्ह्यातला कुठलाही वाजवणारा ओळखतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना बारीक दिसेना, त्यात हात थरथरायला लागले आणि शिसं लावायची डाखणी माझ्या हातात आली. नवरा, आदिनाथ, मोहोळला बँकेत आहे. सकाळची एसटी पकडतो, तो दिवेलागणीला येतो. त्यामुळं दुपारी ओवी आणि अप्पा झोपले की घर माझं असतं.

त्या दुपारी टेबलावर अपेक्षाचा अँप होता.

अपेक्षा शाळेत शिकवते आणि लग्नसराईत पाच जणांच्या एका पार्टीत बेस वाजवते, वर गातेही. दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडून हा अँप घेऊन गेली. आता तिचं म्हणणं होतं की वाजवता वाजवता माइकला ओठ लागला की चावल्यासारखं होतं. पार्टीतली पोरं तिला म्हणाली, लिपस्टिक बदल. ती पण हसली होती. मग परवा ओठावर फोड आला, तेव्हा अँप स्कूटरवर बांधून घेऊन आली. रविवारी अकलूजला मोठा कार्यक्रम होता, त्याच्याआधी बघून द्या म्हणाली.

हा अँप फार जुना. अप्पांनीच पूर्वी एका ऑर्केस्ट्राला दिलेला, ती मंडळी पांगली तेव्हा परत आमच्याकडं आला आणि वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडून राहिला. मी तो उघडून साफ केला, खरखरणारे नॉब बदलले, स्पीकरचा कागद तपासला, फ्यूज पाहिला. एकच गोष्ट केली नाही. प्लग उघडला नाही. प्लग कोण उघडतं?

लाइट आल्यावर मी पायात रबरी चप्पल घातली, अपेक्षाची गिटार जोडली, अँप चालू केला आणि सगळ्यात जाड तारेला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला. अगदी बारीक, देवघरातल्या निरांजनासारखा. पण लागला.

मी बटण बंद केलं, प्लग काढला आणि त्याचे स्क्रू सोडले. लाल वायर जागेवर, काळी जागेवर. हिरवी कापलेली होती. तोडलेली नव्हे, ओढून तुटलेलीही नव्हे. नीट कापून, टोक मागं दुमडून, त्यावर पांढऱ्या सुताचे सात घट्ट वेढे दिलेले, शेवटचं टोक वेढ्याखालून ओढून घेतलेलं आणि वरून मेण.

हे कुणी केलं ते मला विचारायची गरज नव्हती. माझी आत्या चादरीच्या कारखान्यात होती, तिथून उरलेलं सूत घरी यायचं. अप्पा टेपच्या ऐवजी तेच वापरायचे. उन्हाळ्यात टेपचा चिकटा पाघळतो, सूत धरून राहतं. सात वेढे द्यायला मला त्यांनी मी दुसरीत असताना शिकवलं होतं, टेबलाखाली बसवून.

हिरवी वायर म्हणजे अर्थ, अर्थिंग. अँपच्या आत काही बिघडलं आणि करंट बाहेरच्या पत्र्यावर आला, तर त्याला जमिनीत नेऊन सोडणारी वाट. ती वाटच नसली तर करंट दुसरी शोधतो. पत्र्यातून केबलमध्ये, केबलमधून गिटारच्या तारांत, तारांतून बोटांत, आणि बोटांतून माइकला टेकलेल्या ओठापर्यंत. आज टेस्टरचा दिवा निरांजनाएवढा होता. आतलं एखादं वेष्टण अजून थोडं विरलं असतं तर तो निरांजनाएवढा राहिला नसता.

आणि हे बाहेरून कुणाला दिसणार नव्हतं. तीन पिनांपैकी वरची जाड पिन तशीच होती. ती काढून चालत नाही, कारण बोर्डाच्या भोकांवरचे पडदे तिनंच उघडतात. ती नुसती शोभेला उभी होती.

अप्पा उठून आले तेव्हा मी तशीच बसले होते. चहा टाकला नव्हता. मी तो उघडा प्लग त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांना आता बारीक दिसत नाही. पण अंगठा बरोबर सुताच्या वेढ्यांवर गेला आणि तिथं थांबला.

“माझंच हाय,” ते म्हणाले.

मग खुर्चीत बसून त्यांनी जे सांगितलं ते मी सलग सांगते, त्यांनी मात्र थांबत थांबत सांगितलं. अँप कार्यक्रमाच्या साउंड मिक्सरला जोडला की घूं असा आवाज यायचा. हॉलचा मालक ओरडायचा, लग्नातली माणसं मागं वळून बघायची. गिऱ्हाईक अँप घ्यायला आलं की पहिला प्रश्न हाच, घूं करतो का. हिरवी वायर सोडली की घूं जायची. एकदम जायची. बाकीचे मेकॅनिक आठ आठ दिवस डोकं खाजवायचे आणि अप्पा पाच मिनिटांत अँप शांत करून द्यायचे. त्यावरच तर नाव झालं होतं. अण्णांच्या हातचा अँप म्हणजे शांत.

मी विचारलं की तुम्हाला ठाऊक नव्हतं का, की हे धोक्याचं आहे.

“निम्म्या हॉलमदी अर्थ हुता कुटं तवा?” ते म्हणाले. “बोर्डाला भोक असायचं, त्याच्यामागं वायरच न्हाय. जिथं वाटच न्हाय तितं माझी वायर जोडून करायचं काय?”

मी म्हटलं, आता तर आहे ना अप्पा.

“आता हाय,” ते म्हणाले आणि प्लग टेबलावर ठेवला.

अशा किती वायरी कापल्या, असं मी विचारलं. ते म्हणाले, घूं करत होते तेवढ्या.

संध्याकाळी आदिनाथला सांगितलं. तो बूट काढता काढता ऐकत होता, एक बूट हातातच राहिला. त्याचं मत पडलं की अपेक्षाची वायर गुपचूप जोडून टाक. बाकीच्यांना फोन करून सांग की दुकानाला इतकी वर्षं झाली म्हणून जुन्या गिऱ्हाइकांना सर्व्हिसिंग फुकट. एकेक अँप येईल, एकेक वायर जुळेल, अप्पांचं नाव राहील. अप्पांवर त्याचा जीव आहे, म्हणून तो असं म्हणाला. मलाही ते पटलं, रात्री जेवणं होईपर्यंत पटलेलंच होतं.

आमच्या दुकानात नाव हीच खरी चीज आहे, हे मला कुणी सांगायला नको. ओवी कडेवर असायची तेव्हा गिऱ्हाईक दारात यायचं, माझ्या डोक्यावरून आत बघायचं आणि विचारायचं, अण्णा हाईत का. मी नेक, म्हणजे गिटारची मान, सरळ करून दाखवायची, उन्हाळ्यात लाकूड आकसून फ्रेटच्या पट्ट्यांची टोकं बोटाला लागतात ती घासून द्यायची, तरी जाताना म्हणायचे, अण्णांना एकदा दाखवून ठेवा. अण्णांची लेक म्हणून त्यांनी मला सोसलं. त्याच अण्णांबद्दल आता मी काय सांगणार होते?

पण भांडी घासताना मनात आलं की हे लग्नसराईचे दिवस. फुकटच्या सर्व्हिसिंगसाठी चालू हंगामात कोण अँप आणून देईल? सगळे म्हणतील, पावसाळ्यात बघू. आणि रोज संध्याकाळी कुठल्या तरी मांडवात कुणीतरी माइकला ओठ लावणार. खरं सांगितलं तरच ते लगेच उठून येतील.

सकाळी पहिला फोन अपेक्षाला केला. तिला वायरीचं सांगितलं. मागं शाळेची घंटा वाजत होती.

“म्हणजे ताई, मला काही झालं असतं का?”

“झालं असतं,” मी म्हटलं.

तिनं एवढंच विचारलं, की मग रविवारचं काय. मी म्हटलं, शुक्रवारी घेऊन जा.

दुपारी ओवी झोपल्यावर मी अप्पांना फोनशेजारी बसवलं. नावं लिहून ठेवायची त्यांना कधी सवय नव्हती. त्यांना माणसं आवाजावरून आठवतात. ह्याच्या अँपचा आवाज नाकातून यायचा, त्याचा नॉब सातच्या पुढं जायचा नाही, असं म्हणत म्हणत ते नावापर्यंत पोचायचे. मी जुन्या डायरीतून, इकडून तिकडून नंबर काढत होते.

पहिला लागला अक्कलकोट रोडचा मायाप्पा. तो इतका खूश झाला की मला बोलूच देईना. म्हणाला, अण्णांनी दिलेला अँप लेकरावाणी सांभाळलाय, पंचवीस वर्षं झाली, एकदा घूं नाही. मी वायरीचं सांगितलं. त्याला वाटलं मी अँप परत विकत घ्यायला बघतेय. “रुपाली, अण्णांनी केल्यालं हाय ते. तू कशाला हात लावतीस?” तो म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. मग तो म्हणाला, अण्णांना दे.

अप्पांनी फोन हातात घेतला. दोन्ही हातांनी कानाला धरला.

“मायाप्पा, हिरवी वायर मी कापली हुती. चुकलंच ते. आता वाजवू नगंस, घिऊन ये.”

मग मायाप्पा कानडीत काहीतरी बोलला, अप्पा त्याला कानडीतच हं हं म्हणाले. फोन ठेवल्यावर मी विचारलं काय म्हणाला. अप्पा म्हणाले, तो येतो म्हणाला. मधलं बाकीचं त्यांनी सांगितलं नाही.

पुढचा नंबर एका भजनी मंडळाचा होता. सोनाबाई नावाच्या आजींनी उचलला. अँप घेणारे त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी म्हटलं, मावशी, तो अँप प्लगला लावू नका. त्या म्हणाल्या, “लावती कशाला? त्याच्यावर माठ ठेवलाय की.” अप्पा कितीतरी दिवसांनी हसले. मी मात्र त्यांना माठ काढून वायर गुंडाळून ठेवायला लावलं आणि मगच फोन ठेवला.

तिसरा प्रभु, त्याच्याकडंही अप्पांचा एक अँप गेलेला. तो स्वतः जुन्या सामानाची खरेदीविक्री करतो, अप्पांच्या बरोबरीनं नाव व्हावं म्हणून आयुष्य घालवलेला माणूस. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. “असं हुतं व्हय अण्णांचं गुपित,” तो म्हणाला. “आमी उगंच डोकी फोडून घेतली की.” फोन स्पीकरवर होता. मी तो बंद करायला हात पुढं केला, तर अप्पांनी माझा हात बाजूला केला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

दोन दुपारी अशा गेल्या. काही नंबर लागलेच नाहीत. काहींनी अँप पुढं विकला होता. त्यांच्याकडून पुढच्याचा नंबर घेतला. एक जण चिडून म्हणाला की सगळीकडं सांगतो. मी म्हटलं सांगाच, तेवढीच माझी फोनाफोनी वाचेल. गुरुवारपासून अँप यायला लागले. प्लग उघडला की प्रत्येकात तेच सात वेढे. मी ते कापायची आणि नवी हिरवी वायर जोडायची. अप्पा शेजारी बसून सुताचे ते तुकडे एका वाटीत गोळा करत होते.

वायर जोडली की घूं परत यायची. तिच्यावर उपाय आहे. अँप आणि मिक्सरच्या मध्ये एक छोटी डबी बसवायची, आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. गाण्याचा आवाज पलीकडं जातो, घूं बरीचशी अलीकडं राहते, आणि हिरव्या वायरीला हात लावावा लागत नाही. ही डबी करायला मला अप्पांनीच शिकवलं. मी तेव्हा दहा वर्षांची होते, बारीक बोटं म्हणून वेटोळी मी गुंडाळायची.

अपेक्षाच्या अँपसाठी डबी जुळवत होते आणि डाखणी हातात तशीच राहिली. डबी होती तर मग वायरी कशाला कापल्या? का आधी कापत होते आणि मग डबी आली? आली ती कशामुळं? मी दहा वर्षांची होते तेव्हा काय झालं होतं?

मी भिंतीकडं पाहिलं.

आमच्या दुकानात सगळं विकायला असतं, एक वस्तू सोडून. भिंतीवर एक लालसर बेस गिटार आहे. आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक तिच्यावर बोट ठेवतं. अपेक्षानंही ठेवलं होतं. अप्पा सगळ्यांना सांगतात, नेक वाकलीय. नेक वाकलेली नाही. दर उन्हाळ्यात मी तारांचा ताण बघते, लाकडाला तेल लावते, मला माहीत आहे. ती नंदूकाकांची. अप्पांचा जिवलग मित्र. त्याच वर्षी मे महिन्यात मोहोळला भर कार्यक्रमात ते वाजवता वाजवता कोसळले. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. वाचले, पण डाव्या हाताची दोन बोटं पुन्हा नीट वळली नाहीत. गिटार अप्पांकडं ठेवून ते अकलूजला गेले, तिथं डेअरीवर लागले. अप्पा तेव्हा रोज दवाखान्यात जायचे, डबा घेऊन. मी लहान होते, मला वाटायचं मैत्री अशी असते. ओवी विचारते, आजोबा ती गिटार का विकत नाहीत, तेव्हा मी सांगते, आजोबांना ती आवडते म्हणून.

“अप्पा,” मी म्हटलं, “नंदूकाकांचा अँप कुठला होता?”

ते वाटीतलं सूत बोटानं हलवत होते.

“मीच दिल्याला,” ते म्हणाले.

मग म्हणाले की त्याच्यानंतर एकही वायर कापली नाही. डबी करायला शिकून घेतली. पण आधीच्या कापलेल्यांना कधी कळवलं नाही, कारण एकाला कळवलं असतं तर मोहोळचंही सांगावं लागलं असतं.

“ऊन लागलं म्हणलं समदे. मीबी म्हणलं. त्यानं इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. खरंच ऊनबी असंल, रुपा. मला कुटं ठावं हाय?”

मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही, अपेक्षाच्या ओठावरचा फोड आठवून आला. पण समोर बसलेल्या माणसाच्या मांडीवर सुताची वाटी होती आणि त्यातला तुकडा ते सवयीनं बोटाला गुंडाळत होते, एक, दोन, तीन, सातपर्यंत.

शुक्रवारी अपेक्षा आली. मी अँप चालू करून तारेला टेस्टर लावून दाखवला. दिवा लागला नाही. मिक्सरला जोडल्यावर डबीतूनही बारीकशी घूं येत होती. मी म्हटलं, अजून एक दिवस दे, तीही घालवते. ती म्हणाली, “असू द्या ताई. चालू आहे एवढं तरी कळतंय.”

अप्पा आतून हे ऐकत असावेत. ते बाहेर आले आणि अपेक्षाला विचारलं की रविवारी अकलूजला जायला गाडी कुठली केलीय, एका माणसाची जागा होईल का. ती म्हणाली, अण्णा, तुम्ही येणार असाल तर ढोलकीवाल्याला टपावर बसवू. अप्पांनी मान हलवली. मग स्टूल ओढून त्यावर चढायला लागले. मी धावले, पण त्यांनी मला नुसतं स्टूल धरायला सांगितलं आणि भिंतीवरची लाल गिटार स्वतः खाली काढली.

अपेक्षा गेल्यावरही ते ती पुसत होते. धोतराच्या सोग्यानं, मागून, पुढून, तारा पिळायच्या किल्ल्यांच्या मधून. ओवी झोपेतून उठून आली, केस कपाळाला चिकटलेले, आणि माझ्या मांडीवर चढून बघत बसली. भिंतीवर गिटारच्या आकाराचा पांढरा डाग उरला होता. तिला आधी तोच दिसला.

गिटार कुठं चालली, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, अकलूजला, नंदूआजोबांकडं. ती त्यांचीच आहे. आजोबा त्यांना परत द्यायला चाललेत, आणि त्यांना एक गोष्ट सांगायलाही.

ओवीनं अंगठा तोंडातून काढला. आजोबांकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या डागाकडं.

“आई, आणि त्यांनी नाहीच घेतली तर?”